रिपोर्टवर 'क्यूसी पास', पण कंट्रोल खाली: एका शेअर्ड मास स्पेकचं प्रकरण

कोअर फॅसिलिटीबद्दल, म्हणजे सगळ्या लॅबनी मिळून वापरायच्या मशीनच्या केंद्राबद्दल, तक्रार करायची म्हटली की सगळे आधी वेटिंगबद्दल बोलतात, नंबर लागत नाही, मेलला उत्तर नाही, मशीन बंद आहे वगैरे. ते सगळं खरंच आहे, पण माझ्या मते खरं दुखणं वेगळं आहे. आपलं सॅम्पल काउंटरवर दिलं आणि शेवटी एक एक्सेल शीट हातात आली, ह्या दोन्हीच्या मध्ये त्या सॅम्पलचं नेमकं काय झालं हे आपल्याला कोणी सांगत नाही, आणि बहुतेक वेळा आपणही विचारत नाही. खालचं प्रकरण त्याचंच आहे. नावं गाळली आहेत, संस्था कुठली हे सांगणार नाही, आणि मी ह्यात अगदी शेवटी आलो, फाइली उघडून बघायला.

एक पीएचडीची मुलगी. प्रयोग साधा: पेशींना एक औषध द्यायचं आणि प्रोटीनमध्ये काय बदल होतो ते बघायचं. १२ सॅम्पल, ६ कंट्रोल (औषध न दिलेले) आणि ६ औषध दिलेले. पेशी ८ मोलर युरियात फोडायच्या, ट्रिप्सिनने प्रोटीनचे तुकडे करायचे (ट्रिप्सिन लायसिन आणि आर्जिनिनच्या पुढे कापतं, त्यामुळे तुकडे कुठे पडणार ह्याचा अंदाज बांधता येतो), मीठबीठ काढून हे तुकडे, म्हणजे पेप्टाइड, सुकवायचे आणि ट्यूब फॅसिलिटीत द्यायच्या. तिथे नॅनो-एलसी (कॉलम नावाच्या बारीक नळीतून पेप्टाइड एकामागून एक वेगळे करणारं मशीन) आणि ऑर्बिट्रॅप (त्यांचं वजन मोजणारं मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजेच मास स्पेक). लेबल वगैरे काही नाही, म्हणजे प्रत्येक सॅम्पल वेगळं चालवायचं आणि मग सिग्नलच्या उंचीवरून तुलना करायची. ह्या पद्धतीत सगळी भिस्त एका गोष्टीवर असते, की पहिलं सॅम्पल आणि बारावं सॅम्पल चालवताना मशीन एकसारखंच वागलंय.

तिने प्रेप अगदी नीट केलं होतं हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे सगळा संशय तिच्यावरच आला. युरिया तापवला नव्हता (तापवला की पेप्टाइडवर कार्बामिलेशन होतं, ४३ डाल्टनचं शेपूट चिकटतं, डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक), डिटर्जंट कुठलंच वापरलं नव्हतं, आणि प्रत्येक सॅम्पलचा अर्धा लायसेट (फोडलेल्या पेशींचा द्रव) स्वतःच्या लॅबच्या उणे ८०च्या फ्रीजरमध्ये ठेवला होता. फॉर्मवर "शक्य असल्यास रँडम क्रमाने चालवावे" असंही लिहिलं होतं. आता ह्या "शक्य असल्यास"चं काय होतं ते ज्यांनी फॉर्म भरलेत त्यांना माहीतच आहे.

दोन-अडीच महिने काही हालचाल नाही. मध्ये एकदा पंप गेला म्हणून मशीन बंद, मग सर्व्हिस इंजिनिअरची वाट, मग तुंबलेला बॅकलॉग. फॅसिलिटीच्या वार्षिक अहवालात मशीनचा वापर ९५ टक्के असं अभिमानाने लिहिलेलं असतं, आणि इथेच थोडं गणित केलं पाहिजे. एकच मशीन आहे आणि सॅम्पल कधीही येतात असं धरलं, तर रांगेच्या साध्यात साध्या हिशेबात सरासरी थांबायचा वेळ म्हणजे मशीन व्यस्त असण्याचं प्रमाण भागिले मोकळं असण्याचं प्रमाण, गुणिले एका कामाचा वेळ. ८० टक्के वापर असेल तर एका कामाच्या ४ पट थांबायचं. ९५ टक्के असेल तर १९ पट! म्हणजे जो आकडा कमिटीला कौतुकाचा वाटतो तोच आपल्या थांबण्याचं कारण असतो, आणि मशीन एक आठवडा बंद पडलं की ती रांग पुन्हा पूर्वपदावर यायला कित्येक आठवडे जातात कारण भरून काढायला मोकळा वेळच शिल्लक नसतो. हे मी मशीन चालवणाऱ्या ऑपरेटरची बाजू म्हणूनही सांगतोय, त्या माणसाच्या हातात ह्यातलं काहीच नव्हतं.

तर अखेरीस रिपोर्ट आला. एक एक्सेल, एक पानभर पीडीएफ, त्यावर "क्यूसी: पास", म्हणजे गुणवत्ता तपासणीत मशीन पास. आणि रिझल्ट बघून लॅब एकदम खूश, कारण औषधाने शेकडो प्रोटीन वाढलेले दिसत होते आणि कमी झालेले जवळजवळ कोणीच नाही. गाईडने लगेच एका कॉन्फरन्सचा अ‍ॅबस्ट्रॅक्ट लिहायला घेतला.

मुलीला मात्र ते पचेना. तिचं म्हणणं असं की औषध ज्या पाथवेवर (पेशीतल्या प्रक्रियांच्या साखळीवर) काम करतं त्याच्याशी ह्या यादीचा काही संबंध नाही, यादीत राइबोसोम, मायटोकॉन्ड्रिया, सायटोस्केलेटन, सगळंच आहे, थोडक्यात यादी म्हणजे "पेशीत असलेलं काहीही". आणि वाढ एकाच दिशेने? जीवशास्त्रात असं क्वचित होतं. तिने फॅसिलिटीला मेल केला. उत्तर आलं ते दोन ओळींचं: कंट्रोल सॅम्पलमध्ये पॉलिमर दिसतंय, बहुधा तुमच्या प्रेपमध्ये ट्रायटन वगैरे डिटर्जंट राहिलंय, सॅम्पल क्वालिटी ही युजरची जबाबदारी.

म्हणजे पॉलिमर दिसलं होतं! पण रिपोर्टमध्ये त्याचा एक शब्द नाही. तिने विचारलं नसतं तर ते कळलंच नसतं. आणि विचारल्यावर दोष तिच्याच माथी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

ती फॅसिलिटीत जाऊन बोलली. तो संवाद तिने मला सांगितला तो साधारण असा:

"सर, मी डिटर्जंट वापरलंच नाहीये, प्रोटोकॉल बघा, फक्त युरिया आहे."

"अगं, सगळे असंच म्हणतात. ट्यूबमधून येतं, टिपमधून येतं, हाताला लावायच्या क्रीममधून येतं."

"मग औषधवाल्या सहा ट्यूबमध्ये का नाही आलं? त्याच दिवशी, त्याच पाकिटातल्या ट्यूब आहेत."

"ते मी कसं सांगू."

"सर, रॉ फाइल्स मिळतील का? आणि कुठलं सॅम्पल कधी चाललं ते?"

ह्या शेवटच्या प्रश्नावर घोडं अडलं. रॉ फाइल, म्हणजे मशीनने नोंदलेला मूळ डेटा, देतच नाही असं नव्हतं, पण "देतो" म्हणून महिना गेला. फाइली मोठ्या, सर्व्हर भरलेला, जुन्या फाइली दुसऱ्या डिस्कवर, ती डिस्क कुठल्यातरी कपाटात, आणि मध्ये ऑपरेटर ट्रेनिंगला. भिजत घोंगडं. शेवटी तिने एक हुशारी केली आणि लिहिलं की पेपर छापायचा तर बहुतेक जर्नल्स रॉ डेटा प्रोटिओमएक्सचेंजसारख्या सार्वजनिक रिपॉझिटरीत टाकायला लावतात, त्यामुळे फाइली आज ना उद्या द्याव्या लागणारच आहेत. मग आल्या.

इथे मी आलो. आम्ही पहिलं काम हे केलं की फाइलींच्या नावावर विश्वास ठेवला नाही. रॉ फाइलच्या हेडरमध्ये ती कधी रेकॉर्ड झाली ती वेळ असते, नाव कोणी कितीही बदललं तरी ती तशीच राहते. त्या वेळेप्रमाणे लावल्यावर क्रम असा निघाला: कंट्रोल १, २, ३, ४, ५, ६, मग औषध १ ते ६. रँडम गेलं उडत. ट्यूबवर जे नंबर होते त्याच क्रमाने ट्रेमध्ये ठेवलं आणि चालवलं. तोट्यात मात्र सगळा प्रयोग, कारण आता "आधी चाललेलं" आणि "कंट्रोल" हे दोन्ही एकच झालं, मशीनमध्ये काहीही हळूहळू बदललं तरी ते औषधाचा परिणाम म्हणूनच दिसणार.

मग पॉलिमर शोधलं. पॉलिएथिलीन ग्लायकॉल, म्हणजे पीईजी, मास स्पेकमध्ये ओळखायला फार सोपं आहे कारण त्याच्या साखळीतला प्रत्येक तुकडा ४४.०३ डाल्टनचा, त्यामुळे स्पेक्ट्रममध्ये सारख्या अंतरावर पायऱ्या दिसतात. आमच्या पायऱ्या होत्या ४१५.२५, ४५९.२८, ५०३.३१. हे साधं पीईजी आहे. ट्रायटन असतं तर पायऱ्यांमधलं अंतर तेच राहिलं असतं पण त्या पडल्या असत्या दुसऱ्या जागी, ५१५.३६, ५५९.३८ अशा, कारण त्या साखळीच्या एका टोकाला ऑक्टिलफिनॉलचा तुकडा असतो. त्या जागी काहीच नव्हतं. म्हणजे "ट्रायटन राहिलंय" हे निदान फाइल न उघडता, सवयीने केलेलं होतं. (राग येतो, पण दिवसाला वीस मेल येणारा माणूस दुसरं काय करणार.)

आता ४५९.२८ ह्या एकाच आयनची उंची क्रमाने मांडली. कंट्रोल १ मध्ये प्रचंड. कंट्रोल २ मध्ये कमी. ३ मध्ये आणखी कमी. ६ पर्यंत जेमतेम, आणि औषधाच्या सॅम्पलमध्ये जवळजवळ नाही. सुरेख उतरता आलेख. घाण तिच्या ट्यूबमध्ये असती तर ती सहाही कंट्रोलमध्ये वरखाली कशीही दिसली असती, अशी रनच्या क्रमाने शिस्तीत उतरली नसती. असा उतार म्हणजे एकच अर्थ: पीईजी तिच्या आधीच कॉलममध्ये होतं आणि तिचे कंट्रोल ते धुऊन काढत होते. म्हणजे तिच्या पैशाने कॉलम साफ झाला म्हणा ना.

बरं, पीईजी असलं म्हणून प्रोटीन कमी का दिसावेत? कॉलममधून आलेल्या द्रवाचे चार्ज असलेले थेंब करून मास स्पेकमध्ये सोडतात, त्याला इलेक्ट्रोस्प्रे म्हणतात, आणि त्यात थेंबावरचा चार्ज मर्यादित असतो. त्याच वेळी पीईजीसारखं सहज चार्ज पकडणारं काही भरपूर बाहेर पडत असेल तर बिचारे पेप्टाइड मागे पडतात, असूनही दिसत नाहीत. आणि हे सगळ्या पेप्टाइडना सारखं होत नाही, जे पीईजीबरोबर कॉलममधून बाहेर येतात त्यांनाच होतं. आम्ही ते तपासलं. ग्रेडियंटच्या, म्हणजे कॉलममधून पेप्टाइड काढणाऱ्या द्रावणाच्या हळूहळू बदलत्या मिश्रणाच्या, सुरुवातीला बाहेर येणारे पेप्टाइड कंट्रोल आणि औषध दोन्हीत सारखेच होते. मधल्या पट्ट्यात, जिथे पीईजीचा फुगवटा होता, तिथेच कंट्रोल खाली. नॉर्मलायझेशनने हे सुटत नाही कारण ते सरसकट सगळ्याला एकाच आकड्याने गुणतं, आणि इथे खड्डा एकाच पट्ट्यात होता.

त्यावर कडी म्हणजे इम्प्युटेशन, म्हणजे न मोजलेल्या जागी अंदाजाचा आकडा भरणं. पीईजीखाली जे पेप्टाइड दिसलेच नाहीत तिथे एक्सेलमध्ये रिकामी घरं, आणि फॅसिलिटीच्या ठरलेल्या पाइपलाइनमध्ये रिकामी घरं पर्सियस ह्या सॉफ्टवेअरच्या डिफॉल्ट सेटिंगने भरली जातात: रुंदी ०.३, सरासरीच्या खाली १.८ स्टँडर्ड डेव्हिएशन. त्यामागचं गृहीतक असं की दिसलं नाही म्हणजे फारच कमी असणार. साध्या परिस्थितीत चालतं ते. पण इथे प्रोटीन भरपूर होतं आणि झाकलं गेलं होतं. त्याला मुद्दाम एकदम खालचा आकडा दिला गेला, सहापैकी तीन-चार कंट्रोलमध्ये, आणि टी-टेस्टमध्ये (दोन गटांच्या सरासरीची संख्याशास्त्रीय तुलना) झळाळून "वाढ" आली. रिपोर्टमध्ये इम्प्युटेशन केलंय हे लिहिलेलं होतं, तळाशी, बारीक अक्षरात, पण कुठली घरं मोजलेली आणि कुठली भरलेली हे एक्सेलमध्ये कुठेच वेगळं दाखवलेलं नव्हतं. हा मुद्दा मला कॅरीओव्हरपेक्षा, म्हणजे आधीच्या सॅम्पलचं उरलेलं पुढच्यात येण्यापेक्षा, जास्त गंभीर वाटतो, कारण कॅरीओव्हर अपघात आहे आणि हे रोजचं आहे.

आणि "क्यूसी पास"? तोही खोटा नव्हता. क्यूसी म्हणून हेला पेशींचं (लॅबमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या मानवी पेशी) ठरलेलं डायजेस्ट, म्हणजे तुकडे केलेलं प्रोटीन, चालवतात, किती प्रोटीन सापडले ते बघतात. तो रन तिच्या बॅचच्या चार दिवस आधीचा निघाला. मधल्या दिवसांत दुसऱ्या एका लॅबचे सॅम्पल चालले होते, आयपीचे (अँटिबॉडीने एखादं प्रोटीन वेगळं काढलेले), आणि त्यांच्या धुण्याच्या बफरमध्ये ट्वीन-२० हे डिटर्जंट होतं, ज्याच्यात मोकळं पीईजीही असतं. म्हणजे मशीन ज्या दिवशी चांगलं होतं त्या दिवसाचं सर्टिफिकेट तिच्या रिपोर्टला जोडलं गेलं.

हे सगळं घेऊन ती पुन्हा ऑपरेटरकडे गेली, आणि ह्यावेळी गोष्ट वेगळी झाली. त्याने आलेख बघितला, दोन मिनिटं गप्प बसला आणि स्वतःच आधीच्या बॅचचा फोल्डर उघडला. एसओपीमध्ये (कामाच्या ठरलेल्या लेखी पद्धतीत) लिहिलंय की युजर बदलला की ब्लँक, म्हणजे सॅम्पलशिवायचा रिकामा रन, चालवायचा. ब्लँक नव्हता. का नव्हता हे त्याने सरळ सांगितलं, आणि मला वाटतं सगळ्या प्रकरणात हेच सगळ्यात कामाचं वाक्य आहे: "ब्लँकचं बिल कोणाच्या नावावर लावायचं?"

फॅसिलिटीचं बिलिंग सॅम्पलमागे आहे. ब्लँक चालवायला मशीनचा वेळ जातो, कॉलमचं आयुष्य जातं, पण तो कोणाच्या खात्यावर पडत नाही. वर्षाच्या शेवटी फॅसिलिटी किती सॅम्पल केले ह्यावर मोजली जाते, आणि बॅकलॉग असताना पहिली काट कशाला बसणार? ब्लँकला. मग क्यूसीला. मग रँडम क्रमाला, कारण ट्यूब उलटसुलट लावायच्या तर शीट नीट बनवावी लागते, चूक झाली तर आणखी घोळ. आळशीपणाचा प्रश्नच नाही इथे. सॅम्पल घेणं, चालवणं, दुरुस्ती, अ‍ॅनालिसिस, बिलं आणि नवीन विद्यार्थ्यांचं ट्रेनिंग, सगळं एकाच माणसाकडे, तोही वर्षावर्षाच्या कॉन्ट्रॅक्टवर. त्याच्या आधीचा ऑपरेटर सोडून गेला तेव्हा त्याच्या डोक्यात होतं ते सगळं त्याच्याबरोबर गेलं, एसओपीची फाइल तेवढी राहिली.

मग पैशाचं भांडण. फॅसिलिटीचा नियम: मशीनमध्ये बिघाड असेल तरच फुकट रिपीट. मॅनेजरचं म्हणणं, मशीन तर बिघडलं नव्हतं. गाईडचं म्हणणं, आमचे सॅम्पल तरी कुठे बिघडले होते? दोन्ही खरं. कारण नियमात दोनच शक्यता आहेत, मशीन किंवा सॅम्पल, आणि "आधीच्या माणसाचं उरलेलं" ही तिसरी शक्यता, जी शेअर्ड मशीनवर सगळ्यात जास्त संभवते, ती कोणी लिहूनच ठेवलेली नाही. शेवटी अर्ध्या दरात तडजोड झाली.

रिपीट तिच्या राखून ठेवलेल्या लायसेटवरून झालं. ह्यावेळी ऑपरेटरने आणि तिने एकत्र बसून शीट बनवली: दोन-दोनचे ब्लॉक, प्रत्येक ब्लॉकमध्ये एक कंट्रोल आणि एक औषध, कोण आधी ते नाण्याने. सगळ्या सॅम्पलचा थोडाथोडा भाग मिसळून एक पूल केला आणि तो सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी चालवला, म्हणजे मशीन सरकलं तर त्याच्यातच दिसेल. सुरुवातीला ब्लँक, आणि ब्लँकची रॉ फाइलसुद्धा तिला दिली. पहिल्या यादीतले बहुतेक "वाढलेले" प्रोटीन गायब झाले. थोडे उरले, काही नवीन आले, त्यातले काही खरोखर अपेक्षित पाथवेतले आहेत आणि काहींचा अजून पत्ता लागत नाहीये. अ‍ॅबस्ट्रॅक्ट मागे घेतला. गाईड काही दिवस फारसे बोलत नव्हते.

कोणी म्हणेल की बाहेरच्या कंपनीकडे द्यायचं. द्या की, लवकर मिळतं, पण तिथेही शेवटी एक्सेलच येते, आणि तिथे ऑपरेटरच्या शेजारी जाऊन बसता येत नाही. स्वतःचं मशीन घेणं बहुतेक लॅबना शक्यच नाही, मशीन एकवेळ ग्रँटमधून येईल पण त्याचं वार्षिक मेंटेनन्स आणि ते चालवणारा माणूस कुठून आणणार. म्हणून शेअर्ड सोडून पळता येत नाही, आणि म्हणून मागायच्या गोष्टी आधीच मागितलेल्या बऱ्या: रॉ फाइल वेळेसकट, बॅचच्या लगेच आधीचा ब्लँक, क्यूसीची तारीख, आणि भरलेली घरं वेगळ्या रंगात. रन-ऑर्डर "शक्य असल्यास" म्हणून विनंती करायची नाही, स्वतः शीट बनवून ट्यूब त्याच क्रमाने नंबर लावून द्यायच्या, म्हणजे कोणी आळस केला तरी तो बरोबरच क्रमाने करेल. मी आता सगळ्यांना हेच सांगतो.

पेपरचा ड्राफ्ट झाला तेव्हा ऑपरेटरचं नाव लेखकांत घालायचं का ह्यावर पुन्हा वाद. गाईड म्हणाले, पैसे दिलेत की, आभारात लिहू. अशा फॅसिलिटींची एबीआरएफ नावाची संघटना आहे, तिच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे की सर्व्हिसचे पैसे दिले म्हणून लेखकपण नाकारता येत नाही, योगदान बौद्धिक असेल तर नाव लागतं. दुसऱ्या वेळचं डिझाइन अर्धं त्याचं होतं. मुलीने अडून बसून नाव घातलं.

फॅसिलिटीच्या फॉर्मवर आता "डिटर्जंट वापरलं का, कुठलं" असा रकाना आलाय आणि डिटर्जंटवाले सॅम्पल आठवड्याच्या शेवटी, कॉलम बदलायच्या आधी चालवायचे असं ठरलंय. ट्वीनवाल्या लॅबला ऑपरेटरने स्वतःहून मेल करून कळवलं की तुमच्या डेटातही हा प्रकार असू शकतो, फाइली हव्या असतील तर घेऊन जा. त्यांनी अजून मागितलेल्या नाहीत. ब्लँकचं बिल कोणी भरायचं हा विषय कमिटीच्या पुढच्या मीटिंगला आहे, मागच्या मीटिंगला वेळ पुरला नाही.